सुलेखाबाईंचा दाखला

घाणीची किळस सुलेखा उजागरे यांना कधी आलीच नाही. चाळीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर ती येणार कुठून? रक्त, पू, ओकाऱ्या, म्हाताऱ्यांची भरलेली अंथरुणं, सगळं त्यांनी नाक न मुरडता उपसलं. पण वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ओबरकेल्टरच्या चर्चमधल्या कपाटासमोर बसून, सुबक अक्षरातल्या एका स्वच्छ वहीची पानं उलटताना, त्यांना जी शिसारी आली तशी त्याआधी कधी आली नव्हती.

बाई मूळच्या पुणतांब्याच्या. वडील मिशनच्या शाळेत शिपाई, घर तिथल्या मेथडिस्ट चर्चच्या मंडळीतलं. मिरजेला नर्सिंग शिकल्या आणि १९७८ साली, बाविसाव्या वर्षी, श्टुटगार्टजवळच्या एका इस्पितळात रुजू झाल्या. गेर्लिंगेनहून बसने वीस मिनिटांवर ओबरकेल्टर आहे, तिथे दोन खोल्या घेतल्या आणि तिथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. का, म्हणून कोणी विचारलं तर “नाइट ड्युटी” एवढंच सांगतात. इकडची बोली अशी बोलतात की फोनवर माणूस त्यांना गावातल्याच कुणाची तरी आत्या समजतो.

आता या ओबरकेल्टरच्या मेथडिस्ट चर्चबद्दल सांगायला हवं, कारण ते गावाच्या माणसांनी बांधलेलंच नाही. डॅन्यूबच्या काठी, आजच्या सर्बियात, दोनशे वर्षं जर्मन बोलणारी शेतकरी माणसं राहत होती. महायुद्ध हरल्यावर त्यांना तिथून हाकललं. बिचारी पाठीवर बोचकं मारून जर्मनीत आली, तर इथल्यांनी त्यांना दारात उभं केलं नाही. बोली वेगळी, डोक्याचे रुमाल वेगळे, जेवणात लाल मिरची. “पाठपिशवीवाले जर्मन” म्हणून त्यांची टर उडवायचे. गावच्या मोठ्या चर्चमध्ये बाकं रिकामी असली तरी “इथे आमची माणसं बसतात” असं ऐकवायचे. शेवटी १९४८ साली त्यातल्या एकेचाळीस मेथडिस्टांनी दारू गाळण्याच्या एका पडक्या शेडमध्ये स्वतःची मंडळी सुरू केली. तेच हे चर्च. ही कथा सुलेखाबाईंनी इतक्यांदा ऐकली होती की ती आपल्याच आजोळची आहे असं त्यांना वाटायचं. आपणही परक्या, तेही परके. म्हणून तर त्या इथे टिकल्या.

पंचेचाळीस वर्षं टिकल्या. क्वायरमध्ये गायल्या, आजाऱ्यांना सूप पोचवलं, सतरा जणांचे डोळे स्वतःच्या हाताने मिटले. दर सणाला “श्वेस्टर सुलेखा, तुमचे ते समोसे!” अशी फर्माईश यायची; नर्सला तिकडे श्वेस्टर, म्हणजे सिस्टर, म्हणतात. पुणतांब्यात बाईंनी जन्मात कधी समोसा तळला नव्हता. तो त्या जर्मनीत आल्यावर पुस्तकात बघून शिकल्या. आणि फोटो निघायचा असला की, “साडी नेसून याल ना? किती रंगीत दिसतं!” रंगीत तर रंगीत. बाई नेसायच्या, पुढच्या रांगेत उभ्या राहायच्या. मनातून वीट यायचा, पण घरच्यांचा येतो तसा, म्हणून चालवून घ्यायच्या.

२०२३ साली मंडळीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. स्मरणिका काढायचं ठरलं. मंडळीचे अध्यक्ष ओटमार श्टाइनमेट्झ म्हणजे पहिल्या एकेचाळिसांचे पुढारी याकोब श्टाइनमेट्झ यांचा नातू. गडी एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होता. निवृत्त झाला तरी तपासणी सुटली नाही. चहाचे चमचेसुद्धा मोजून ठेवायचा. स्मरणिकेच्या शेवटी पंचाहत्तर वर्षांतल्या सगळ्या सभासदांची यादी छापायची, ही त्याचीच कल्पना. पण जुन्या वह्या जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात, आणि ते वाचता येणारी मंडळीत एकच बाई उरलेली: सुलेखा उजागरे. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना त्यांची जुनी पत्रं वाचून दाखवता दाखवता त्या ते शिकल्या होत्या. मांडणीचं काम कॉम्प्युटरवर करायला त्यांनी वैभवीला धरलं. ही पुण्याची पोरगी, गेर्लिंगेनला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, बाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. देवाधर्माशी तिचा संबंध गणपतीपुरता, पण बाईंच्या हातच्या पिठलं-भाकरीसाठी ती काहीही करायला तयार असते.

वह्या दोन होत्या. काळ्या वहीत सभासद, हिरव्या वहीत “मित्र”. मित्र म्हणजे येणारेजाणारे: पाहुणे, कुणाची होणारी बायको, नाताळापुरते उगवणारे. येतील, गातील, केक खातील, पण मत नाही. बाईंनी काळी वही १९४८पासून उतरवत उतरवत १९७८पर्यंत आणली आणि आपलं नाव यायची वाट पाहू लागल्या. ७८ संपलं. ७९ आलं. मग ८०. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. नाही. मग हिरवी वही उघडली. तिथे होतं. “उजागरे, एस., परिचारिका, भारतीय. मैत्रीपूर्ण.”

पंचेचाळीस वर्षं! बाईंनी सभांच्या नोंदी काढल्या. १९९६ साली छपराच्या दुरुस्तीसाठी मत घेतलं होतं, ते त्यांना लख्ख आठवत होतं, कारण त्यांनी सगळ्यात आधी हात वर केला होता. नोंद सांगत होती: उपस्थित सभासद बत्तीस, मित्र एक. ठरावाच्या बाजूने मतं बत्तीस. म्हणजे हात दिसला होता. कुणीतरी तो बघून सोडून दिला होता, आणि खाली करा म्हणण्याचंही सौजन्य दाखवलं नव्हतं.  बाई उठून चर्चच्या मोरीत जाऊन चूळ भरून आल्या.

मेथडिस्टांत एक रीत आहे. माणूस गाव बदलतो तेव्हा जुनी मंडळी त्याला बदलीचा दाखला देते. तो एका मंडळीच्या पाळकाने, म्हणजे पास्टरने, दुसऱ्या पाळकाला लिहिलेला असतो, पाकीट बंद असतं, आणि नेणाऱ्याने ते फोडायचं नसतं. बाईंनी तो आणला होता. पुणतांब्याचे पाळक यशवंतराव साळवे यांनी दिलेला, स्वतःच्या हाताने इथल्या तेव्हाच्या पाळकाला, ब्लेश यांना, दिला होता. ब्लेश यांनी “विलकॉमेन!” म्हणत स्वागत करून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले होते. बाईंना वाटलं, झालं काम.

शोधता शोधता तो सापडला. “इतर” असं लिहिलेल्या खोक्यात, छपराच्या कौलांच्या बिलांखाली. पाकीट बंदच होतं, त्यावरचा पत्ताही मराठीत. वर पेन्सिलीने लिहिलेलं: “भारतीय लिपी. नंतर पाहू.” ब्लेश जाऊन तीस वर्षं झाली होती. त्यांच्यानंतर पाच पाळक आले नि गेले, आणि “नंतर” काही उगवलं नव्हतं.

बाईंनी तेव्हाही ते फोडलं नाही. रीत ती रीत. दुसऱ्या दिवशी त्या आत्ताच्या पाळकबाई, फ्राउ लिंडे यांच्याकडे गेल्या. ही तिशीतली बाई, मनाने चांगली, पण ओटमारसमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

“हे तुमच्या नावाचं आहे,” सुलेखाबाई म्हणाल्या. “पाळकाने उघडायचं असतं.”

लिंडेबाईंनी उघडलं. आत मोडी वळणाकडे झुकणारं मराठी अक्षर, खाली मंडळीचा शिक्का. साळवे पाळकांनी लिहिलं होतं की छापील इंग्रजी फॉर्म संपले आहेत, नवे यायला महिना लागेल आणि मुलीचं विमान तर मंगळवारी आहे, म्हणून हातानेच लिहितो, क्षमा असावी. पुढचं बाईंनी अडखळत जर्मनमध्ये सांगितलं: “‘ही आमची लेक तुमच्या हाती देत आहोत. हिचं नाव आजच आम्ही आमच्या पुस्तकातून कमी केलं. ते तुम्ही आपल्या पुस्तकात चढवून घ्यावं, म्हणजे ती मधल्या मधे राहणार नाही.’”

 पुणतांब्याने नाव कमी केलं, ओबरकेल्टरने चढवलं नाही. बाविसाव्या वर्षापासून आजपर्यंत सुलेखा उजागरे पृथ्वीवरच्या कुठल्याही मंडळीच्या पुस्तकात नव्हत्या. धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटाचा, असं बाईंच्या मनात आलं, आणि स्वतःला कुत्रा म्हणायची वेळ या लोकांनी आणली याचा त्यांना जास्त संताप आला.

ओटमारकडे गेल्यावर त्यांनी एकच मागणं केलं. “काळ्या वहीत माझं नाव घाला. १९७८. दाखल्याने आलेली. बाकी मला काही नको.”

ओटमारने पत्र उजेडात धरून मागूनपुढून पाहिलं, जणू कारखान्यात तपासायला एखादा सुटा भाग आला आहे. “वाईट झालं,” तो म्हणाला. “पण त्या वेळी नोंद झाली नाही, म्हणजे स्वीकार झाला नाही. मागची तारीख घालता येत नाही. मात्र,” इथे त्याचा चेहरा उजळला, “अमृतमहोत्सवाच्या रविवारी आपण तुम्हाला नव्याने सभासद करून घेऊ! सगळ्यांसमोर! साडीत! वर्तमानपत्रवाला येणारच आहे.”

“मी नवी नाही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर, ते आम्हाला सगळ्यांना माहीतच आहे हो. फक्त औपचारिक.”

बाईंना त्याच्या गुळगुळीत दाढीची, त्या उजळलेल्या चेहऱ्याची, टेबलावर ओळीत मांडलेल्या पेन्सिलींची इतकी किळस आली की त्या उठून उभ्या राहिल्या. “मग तुमचा नियम काय तो मला लिहून द्या,” त्या म्हणाल्या. “यादी मी करतेय. चूक नको व्हायला.”

ओटमारला असलं काम फार आवडायचं. तासाभरात ईमेल आली. ज्याचा दाखला मिळून त्याची रीतसर नोंद झाली, किंवा ज्याचा सभासद-विधी याच चर्चमध्ये झाला, तोच सभासद. इतर सर्व मित्र. हा नियम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, अपवाद न करता लावावा.

पहिलं पान! बाईंनी काळ्या वहीचं पहिलं पान पुन्हा काढलं. याकोब श्टाइनमेट्झ, पत्नी काथारिना, सहा मुलं, मग पुढचे. एकेचाळीस नावं, आणि प्रत्येकासमोर त्याच हाताने एकच ओळ: “दाखला वाटेत हरवला. विश्वासावर घेतले.” कुणाकडे चिठोरंसुद्धा नव्हतं. नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी एकमेकांना शब्दावर घेतलं होतं, आणि बरंच केलं होतं. त्या पानाबद्दल बाईंना कधी राग वाटला नाही. राग होता तो त्यांच्या नातवंडांचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ज्यांचे आजोबा बिनकागदाचे आत आले, तेच आता कागद घेऊन आलेलीला दारात उभं करून ठेवत होते, वर तिच्याकडून समोसे तळून घेत होते.

त्या संध्याकाळी बाईंनी यादी पूर्ण केली. वैभवी लॅपटॉप घेऊन बसली.

“मावशी, एक मिनिट. हे सगळे पहिले फोर्टीवन लोक तुम्ही ‘मित्र’मध्ये टाकलेत? फाउंडर्स ना हे?”

“नियम वाच.”

वैभवीने ईमेल वाचली, मग पुन्हा यादी वाचली. “आल्झो, म्हणजे टेक्निकली बरोबर आहे. पण मावशी, दे विल किल यू.”

“मला ठार मारायला आधी मी त्यांच्या वहीत असायला हवी. जशी आहे तशी लाव. आणि छापायला देण्याआधी त्यालाच पाठव. मागाहून म्हणायला नको, दाखवलं नाही म्हणून.”

पाठवलं. बाई दोन दिवस फोनकडे बघत होत्या. लबाडी करायची सवय नव्हती. ओटमारने वाचून जाब विचारला असता तर त्यांनी तोंडावर सांगितलं असतं. पण चमचे मोजणाऱ्या या माणसाने फक्त आपला फोटो तपासला. उत्तर आलं: “टाय किंचित गडद करावा. बाकी उत्तम. छापा.”

अमृतमहोत्सवाच्या रविवारी दोनशे स्मरणिका दारात ठेवल्या होत्या. सुलेखाबाई साडी नेसून आल्या नाहीत. करडा स्कर्ट, निळा स्वेटर. समोसेही नव्हते. “अगाई, श्वेस्टर सुलेखा, आज रंग कुठे गेले?” असं तिघींनी विचारलं, चौथीने समोशांचं विचारलं. बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. नव्याने सभासद व्हायला त्यांनी आधीच नकार कळवला होता, त्यामुळे वर्तमानपत्रवाला पंधरा मिनिटांत निघून गेला.

स्फोट झाला तो केकच्या वेळी. ओटमारची एक्याण्णव वर्षांची आत्या, एलिझाबेथ, स्मरणिका डोळ्यांपुढे धरून आपल्या वडिलांचं नाव शोधत होती. तिला ते सापडलं आणि ती भर सभागृहात ओरडली, “ओटमार! इथे लिहिलंय की पप्पा पाहुणे होते! मी पण!”

मग काय विचारता! काटे खाली पडले, पानं फरफरू लागली. ज्याच्या त्याच्या आजोबाचं नाव मित्रांत. सभासदांची यादी सुरू होत होती १९४९च्या ऑक्टोबरपासून, आणि तिथे पहिलं नाव होतं गावातल्याच एका पाववाल्याचं. ओटमार लालबुंद होऊन बाईंसमोर येऊन उभा राहिला.

“तुम्ही माझ्या आजोबांना पाहुणा केलंत!”

“मी नाही, तुमच्या नियमाने. त्यांच्याकडे दाखला नव्हता.”

“निर्वासित होते ते! सगळं मागे टाकून आले होते! त्यांच्याकडे कागद मागणं हे,” त्याला शब्द सापडेना, “हे किळसवाणं आहे!”

“हो,” बाई म्हणाल्या. “आहेच.”

तेवढ्यातच त्याला कळायला हवं होतं. क्षणभर वाटलं की कळलं. त्याने खाली पाहिलं, ओठ हलवले. मग वळून मोठ्याने म्हणाला, “सभा घेऊ. आत्ताच. पुरेसे लोक आहेत.”

केकच्या टेबलाभोवतीच सभा भरली. वैभवी दाराशी उभी होती, भित्र्या सशासारखी. पहिला ठराव एका मिनिटात झाला: ज्यांचे दाखले हरवले ते सर्व, पहिल्या दिवसापासून, विश्वासावर सभासद. स्मरणिका नव्याने छापायची. टाळ्या.

लिंडेबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्या उठल्या. “आणि श्वेस्टर सुलेखा?” आयुष्यात पहिल्यांदाच त्या ओटमारच्या नजरेला नजर देऊन बोलत होत्या. “त्यांचं पत्र हे इथे आहे.” त्यांनी ते पाकिटासकट टेबलावर ठेवलं, चेरीच्या केकशेजारी.

कुजबुज झाली. पत्र घ्यायचं म्हणजे ते पंचेचाळीस वर्षं खोक्यात पडलं होतं हे लिहावं लागणार. कुणी ठेवलं, कुणी पाहिलं नाही, हे छापावं लागणार. ब्लेश यांची मुलगी समोरच बसली होती. सगळे केककडे बघू लागले.

ओटमारलाच तोड सुचली, आणि ती सुचल्यावर त्याचा चेहरा पुन्हा तसाच उजळला. “आपण आत्ताच ठराव केला आहे ना? दाखला हरवलेले सगळे सभासद. मग श्वेस्टर सुलेखांचाही हरवला असं धरू. वर्ष १९७८, जसं त्यांना हवं तसं. कुणावर ठपका नाही, कुणाचं मन दुखावत नाही. सुंदर नाही का?”

“तो हरवलेला नाही,” सुलेखाबाई म्हणाल्या. “तुमच्या कोपरापाशी आहे.”

“श्वेस्टर, फक्त नोंदीपुरतं.”

“मी तो हरवला नाही. तुम्ही वाचला नाहीत. असं लिहा.”

एलिझाबेथ आत्या मायेने म्हणाली, “अगं, त्याने काय फरक पडतो? आत आलीस म्हणजे झालं.” आणि खरोखरच सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच माया होती. कुणीच दुष्ट नव्हतं. बाईंना वाटलं, दुष्ट असते तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. ही गोड, क्रीम लागलेली माया अंगाला चिकटत होती, आणि ती पुसून काढावी तरी कशाने ते कळत नव्हतं.

“सुलेखा उजागरे यांचा दाखला हरवला आहे असे ही सभा मानते,” ओटमारने वाचलं. “अनुकूल?”

पत्र टेबलावर होतं. त्यावर पुणतांब्याचा शिक्का, सगळ्यांना दिसेल असा. चोवीस सभासद बसले होते. तेवीस हात वर गेले. लिंडेबाईंचा नाही गेला, पण त्यांनी विरोधातही केला नाही. सुलेखाबाईंनी एकेक हात मोजला. यातल्या निम्म्या लोकांचे आईबाप त्यांनी शेवटच्या दिवसांत कुशीवर वळवले होते.

“मंजूर!” ओटमार म्हणाला. टाळ्या पडल्या. कुणीतरी डोळे पुसले. कुणीतरी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

बाईंनी तो हात बाजूला केला आणि पुढे होऊन पत्र उचललं. त्याच्या कडेला क्रीम लागलं होतं, ते नॅपकिनने टिपून घेतलं. “म्हणजे आता मी सभासद आहे?”

“पंचेचाळीस वर्षांपासून!”

“मग सभासदाला बदलीचा दाखला मागता येतो. मला तो द्या. आजच्या तारखेचा.”

टाळ्या थांबल्या. ओटमारने तोंड उघडलं, पण नियम त्याला पाठ होता. मागणाऱ्या सभासदाला दाखला नाकारता येत नाही. दारातून वैभवी हळूच म्हणाली, “मावशी, नक्की?” बाईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली.

लिंडेबाई कागद घेऊन बसल्या.  “कुठल्या मंडळीच्या नावे लिहू?”

“जागा मोकळी सोडा, नाव मी मागाहून घालीन,” सुलेखाबाई म्हणाल्या. “आणि पाकीट चिकटवू नका.”